दोन आपटे, दोन जोशी आणि आमची ऑनलाइन तालिका: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

कार्यकारी मंडळाची मंजुरी मिळाली. हेतू लिहून ठेवते: वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक वाचकाला त्याच्या फोनवर, मराठीत, लेखकाच्या कुठल्याही प्रचलित नावाने शोधता यावं. ‘कुठल्याही प्रचलित नावाने’ हे शब्द ठरावात मी आग्रहाने घालून घेतले. खरा कस तिथेच लागणार आहे.

हाताशी काय आहे? दाखल रजिस्टरं; त्यातली सुरुवातीची टाकाने लिहिलेली, कडा विरलेली. लाकडी खणांतली तालिका-कार्डं, पण ती मधल्या एका वर्षापाशी थांबलेली. आणि जुन्या संगणकावर कधीतरी टाइप करून ठेवलेली एक यादी. आमच्या कोकणातल्या दमट हवेत कसर आणि वाळवी दोन्ही लागतात, म्हणून सर्वांत जुनी रजिस्टरं आधी घ्यायची.

मदतीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी दुपारी येईल, मानधनावर. फायली, पासवर्ड, संगणकातल्या अडचणी तिच्याकडे. रजिस्टरांतली अक्षरं लावणं आणि पुस्तक ओळखणं माझ्याकडे. ती मला काकू म्हणते.

६ जून

टंकलेखनाची परीक्षा मी यंत्रावर दिली होती आणि बोटांना ती मांडणी अजून पाठ आहे. तरीही इन्स्क्रिप्ट हा संगणकावरचा कळफलक शिकायचं ठरवलं. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय मदतीला येणाऱ्या मुलीने दाखवली, ती झटपट आहे. पण ‘ण’ की ‘न’, ‘ष’ की ‘श’ हे दर वेळी पर्यायांच्या यादीतून निवडावं लागतं. तालिकेत हजारो नावं भरायची असताना अंदाज नको, जे अक्षर दाबलं तेच उमटलं पाहिजे.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. भारतातल्या बहुतेक लिप्यांसाठी हीच मांडणी आहे. ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट धरली की ख. ‘डी’वर हलन्त. ‘ळ’ शिफ्ट धरून ‘एन’वर.

बोटांना वळण लावायला एकच गोष्ट जड गेली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. टंकलेखन यंत्रावर ‘कि’ लिहिताना ह्रस्व वेलांटी आधी मारायची, मग क. कागदावर वेलांटी डावीकडे दिसते म्हणून. ‘सूर्य’ लिहिताना य मारून झाल्यावर रफार. युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या संगणकांवर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, क्रम डोळ्याचा नसून उच्चाराचा असतो. आधी क, मग वेलांटी. आधी र आणि हलन्त, मग य. हे कळल्यावर बोटं वळली. जुन्या टंकलेखकांना शिकवताना पहिल्याच दिवशी हे सांगावं.

१२ जून

गूगल शीटमध्ये रकाने ठरवले. दाखल अंक, शीर्षक, लेखक (आडनाव आधी), शीर्षकपृष्ठावर छापलेलं नाव (जसंच्या तसं), प्रकाशक, गाव, वर्ष, पृष्ठं, विषय, वर्गांक, शेरा.

लेखकासाठी दोन रकाने कशाला, असं मुलीने विचारलं. एकात पुस्तक काय म्हणतं ते, दुसऱ्यात तो लेखक कोण ते. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि जुन्या रजिस्टरात त्या एकाच रकान्यात कोंबल्या गेल्या आहेत.

वर्षाबाबत दोन नियम केले. जुन्या पुस्तकांवर शके असतो. ‘शके १८४२’ असेल तर शेऱ्यात तसंच लिहायचं आणि वर्षाच्या रकान्यात ७८ मिळवून १९२०. महिना पौष ते फाल्गुन यांतला दिला असेल तर पुढचं इसवी सन लागू शकतं, ते तपासायचं. दुसरा नियम आकड्यांचा. कोणी देवनागरी आकडे भरले, कोणी इंग्रजी, की शीट त्यांना एकत्र लावत नाही आणि वर्षानुसार क्रम बिघडतो. भरताना एकच जात वापरायची. दाखवताना देवनागरी करता येतात.

२१ जून

जुन्या संगणकावरची यादी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रास. त्या काळचे फॉन्ट असे होते की मराठी अक्षराचा प्रत्येक तुकडा इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असे. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं, फॉन्ट गेला की काही उरत नाही. त्या यादीत कुणीतरी कित्येक महिने घातले असतील.

मुलीने रूपांतराचं साधन शोधलं आणि बराचसा मजकूर युनिकोडमध्ये आला. अडलं ते वेलांटी आणि रफारापाशी. त्या फॉन्टमध्ये दोन्ही टंकलेखन यंत्राच्या क्रमाने टाइप केलेले होते, आणि रूपांतर करताना काही ठिकाणी ते शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. जिथे जोडाक्षर आणि रफार एकत्र आले तिथे सगळ्यांत जास्त. कुठे काय बिघडतं हे एकदा ध्यानात आलं की डोळा नेमका तिथेच जातो. ती यादी टाकून देऊ नका, असं मंडळाला लिहून दिलं. मधल्या वर्षांतल्या खरेदीची माहिती दुसरीकडे कुठेच नाही.

३ जुलै

पाऊस. दुपारी वीज नाही, नेटवर्क नाही. शीट ऑफलाइन चालू ठेवायची सोय मुलीने करून दिली आहे, लॅपटॉपच्या बॅटरीवर काम झालं.

शीर्षकपृष्ठ गेलेली पुस्तकं एका कपाटात वेगळी काढली. ओळख पटवायला शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची समोर घेतली. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातली मराठी पुस्तकं आहेत, दुसऱ्यात १९३८ ते १९५०. पृष्ठसंख्या, आकार आणि विषय जुळवत गेलं की अनेकदा पुस्तक सापडतं. संगणक नसताना एका माणसाने हे उभं केलं. मुलगी तो खंड बराच वेळ चाळत बसली होती, मी तिला कामाला बोलावलं नाही.

११ जुलै

शीटमध्ये ‘ॲरिस्टॉटल’ शोधलं. नाही म्हणते. पुस्तक मी स्वतः कपाटात पाहिलं आहे आणि नोंदही समोर दिसते आहे.

कारण असं निघालं. हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक, ‘अ’ टाइप करून त्यावर अर्धचंद्र. दुसरी, युनिकोडमध्ये याच अक्षराला दिलेली स्वतंत्र जागा. डोळ्यांना दोन्ही सारखी. संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. आम्ही दोघी वेगवेगळ्या तऱ्हेने भरत होतो.

तसंच ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ यांतल्या अर्ध्या र चं. एका पद्धतीत शिफ्ट धरून ‘जे’वरचा ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला एक, शोधायला दोन.

ठरवलं: ॲ स्वतंत्र जागेवरचाच, आणि अर्धा र शिफ्ट-‘जे’चाच. आधीच्या सगळ्या नोंदींत एकगठ्ठा बदल. मराठी तालिका करणाऱ्या प्रत्येक वाचनालयाने हे दोन नियम भिंतीवर लावावेत असं मला मनापासून वाटतं. पुस्तक घरात असून वाचकाला ‘नाही’ असं उत्तर जाणं हे ग्रंथालयासाठी सर्वांत वाईट.

२२ जुलै

ओपनरिफाइन नावाचं साधन सुरू केलं. मोफत आहे, ब्राउझरमध्ये उघडतं पण चालतं आपल्याच संगणकावर, त्यामुळे पाऊस असो नसो काम थांबत नाही. रकान्यातली सारखी वाटणारी नावं ते गटागटाने पुढे ठेवतं आणि विचारतं: ही एकच आहेत का? हो म्हटलं की सगळी एका रूपात.

त्यातल्या एका पद्धतीचं नाव फिंगरप्रिंट. ती नावातली विरामचिन्हं काढते, नावाचे शब्द सुटे करते, ते अकारविल्हे लावते आणि मग तुलना करते. त्यामुळे ‘आपटे, हरि नारायण’ आणि ‘हरि नारायण आपटे’ एका गटात येतात. रजिस्टरं लिहिणाऱ्या प्रत्येक लिपिकाची तऱ्हा वेगळी होती, त्यामुळे याचा फार उपयोग. दोन नावांतल्या अक्षरांचा फरक मोजणारी आणखी एक पद्धत आहे, तिने ‘हरि’ आणि ‘हरी’सुद्धा समोरासमोर आणले.

मग आपट्यांचा फिंगरप्रिंटने केलेला गट नीट वाचला. त्यात ‘नारायण हरि आपटे’ही होते.

हे साहजिक आहे. तिन्ही शब्द तेच, फक्त क्रम वेगळा, आणि ही पद्धत क्रम पुसूनच टाकते. पण हे दोन वेगळे लेखक. ह. ना. आपटे, १८६४ ते १९१९, ‘पण लक्षांत कोण घेतो’चे. ना. ह. आपटे, १८८९ ते १९७१, ‘न पटणारी गोष्ट’चे. दोघेही कादंबरीकार, दोघांची पुस्तकं एकाच कपाटात शेजारी, आणि नावं वाचून बापलेक वाटावेत. पण तेही नाहीत.

मुलीचं बोट ‘एकत्र करा’च्या बटणावर होतं. मी तिला थांबवलं आणि दोघांची पुस्तकं टेबलावर आणायला सांगितलं. तिने दोन्ही शीर्षकपृष्ठं वाचली, मग म्हणाली, “काकू, याला हे कळणारच नाही का?” नाही कळणार, कारण आपण त्याला तीन शब्दच दिले आहेत. जन्म-मृत्यूची वर्षं दिली तर कळेल.

म्हणून आजपासून लेखकाच्या नावापुढे वर्षं. ‘आपटे, हरि नारायण, १८६४–१९१९’. ‘आपटे, नारायण हरि, १८८९–१९७१’. आता फिंगरप्रिंटने गट केले तरी ते वेगळे राहतात.

वर्षांचा आणखी एक उपयोग आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ह. नां.ची पुस्तकं केव्हाच मुक्त झाली, ती स्कॅन करून सर्वांसाठी ठेवता येतील. ना. हं.च्या पुस्तकांवर २०३१च्या अखेरीपर्यंत हक्क आहे. दोन आपट्यांचा एक आपटे झाला असता तर ही तारीखही चुकली असती.

५ ऑगस्ट

आद्याक्षरांचं काम यंत्रावर सोडता येत नाही. ‘ह. ना. आपटे’ हे ‘हरि नारायण आपटे’च्या गटात येत नाहीत, कारण शब्दच जुळत नाहीत. हे सगळे हाताने.

‘वामनराव जोशी’ या नावाखाली रजिस्टरात दोन लेखक मिसळले होते. वामन मल्हार जोशी, ‘रागिणी’चे, आणि वीर वामनराव म्हणजे वामन गोपाळ जोशी, ‘रणदुंदुभी’चे. इथे तर यंत्राने काही विचारलंच नाही, कारण अक्षरंही तीच होती. प्रत्येक पुस्तक कपाटातून काढून पाहिलं. कादंबरी आणि तत्त्वविचार एकीकडे, नाटकं दुसरीकडे, असं ढोबळमानाने वाटता येतं, पण ढोबळमानाने करायचं नाही असं ठरलं आहे.

१२ ऑगस्ट

ग्रंथपाल दिन. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १८९२चा. त्यांच्या पाच सूत्रांपैकी चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, हे १९३१ साली छापलं गेलं. संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर छोटी सभा घेतली आणि सहकाऱ्यांना शीटमध्ये शोध कसा घ्यायचा ते दाखवलं. शिपाई म्हणून आमच्याकडे खूप वर्षं असलेले तात्या सर्वांत आधी शिकले. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात हे त्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळे शीटमधल्या कपाट क्रमांकांतल्या विसंगती त्यांनीच काढून दिल्या.

४ सप्टेंबर

गणपतीनंतर वाचनालय उघडलं. चाकरमानी अजून गावात आहेत. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, प्रभातच्या ‘कुंकू’ची मूळ कादंबरी आहे का. लेखकाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. १९३७च्या त्या चित्रपटाची कथा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून घेतलेली आहे, आमच्या शेऱ्याच्या रकान्यात ते लिहिलेलं असल्याने ‘कुंकू’ टाइप करताच मुलीने पुस्तक काढून दिलं. शेऱ्याच्या रकान्याला यापुढे कंजुषी नको. चित्रपट, नाटक, अभ्यासक्रम, गावचा संबंध, जे वाचक खरोखर बोलतात ते तिथे असावं.

१६ सप्टेंबर

लेखिकांच्या नावांचा आठवडा. हे काम मी शिलकीत टाकलं नव्हतं, शांतपणे करायचं म्हणून मागे ठेवलं होतं.

आमच्या रजिस्टरात बाई माहेरच्या नावाने एका पानावर आणि सासरच्या नावाने दुसऱ्या पानावर आहे, आणि मध्ये काही दुवा नाही. विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा ही कोण बाई, यावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला होता. त्या बाळूताई खरे, नंतरच्या मालतीबाई बेडेकर. एकच बाई, तीन नावं. आमच्याकडे तिन्ही नावं तीन अनोळखी बायकांसारखी पडून होती.

लाकडी खणांत याचं उत्तर होतं. जुन्या ग्रंथपालांनी ‘पहा’ आणि ‘हेही पहा’ अशी कार्डं करून ठेवली आहेत. एका कार्डावर नुसतं एवढंच: ‘केशवसुत – पहा: दामले, कृष्णाजी केशव’. केशवसुतांचं मालगुंड आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे या कार्डावर बोटांचे ठसे फार. कुणीतरी हा विचार पिढीपूर्वी केला होता आणि आम्ही कार्डं बंद करताना तो विचारही बंद केला.

ही सगळी कार्डं शीटच्या नव्या पानावर घेतोय. मुख्य नाव, इतर नावं, नात्याचा प्रकार. चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभु हे ‘हेही पहा’. कथा-कादंबरी-नाटक एका नावाने, कविता दुसऱ्या नावाने, आणि वाचक दोन्ही नावांनी विचारतात. एक नाव मोडून दुसऱ्यात घालायचं नाही. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. ‘बी’ हे नाव शोधून पाहा. एकाक्षरी नावाने शोध घेतला की सगळी तालिकाच पुढ्यात येते. त्यासाठी मुख्य नावाला वर्षं आणि ‘कवी’ हा शब्द जोडला.

ओपनरिफाइनमधून विकिडेटा या मुक्त ऑनलाइन माहितीसाठ्याशी नावं जुळवता येतात आणि त्यासाठी मराठी भाषा निवडता येते. प्रसिद्ध लेखकांची टोपणनावं, वर्षं लगेच मिळाली. पण विकिडेटावर जे कोणी भरलं तेच आहे. शंभर वर्षांपूर्वी एखादंच पुस्तक लिहून गेलेल्या बायका तिथे फारशा सापडत नाहीत. त्यांची माहिती प्रस्तावनेत, अर्पणपत्रिकेत, कधी पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलेल्या ‘सप्रेम भेट’मध्ये असते. तेवढ्यासाठी पुस्तक उघडावं लागतं. मी रोज थोडी उघडते आहे आणि पक्की झालेली नावं मुलगी विकिडेटावर भरते आहे. या बायकांची नावं दुसऱ्या वाचनालयांनाही सापडतील, याचा मला फार आनंद आहे.

७ ऑक्टोबर

कोहा ही ग्रंथालय प्रणाली चाचणीसाठी बसवून मिळाली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० साली वापरात आली. मुक्त स्रोत असल्याने परवान्याचे पैसे नाहीत, सर्व्हरचं भाडं तेवढं. बसवणाऱ्याला एकच गोष्ट बजावून सांगितली होती: शोधाची अनुक्रमणिका आयसीयू (युनिकोड नीट हाताळणाऱ्या) पद्धतीची हवी, नाहीतर देवनागरीतले शोध धड चालत नाहीत.

नोंदी मार्क २१ या ग्रंथालयांच्या प्रमाण साच्यात जातात, त्यात प्रत्येक माहितीला एक क्रमांक असतो. २४५ म्हणजे शीर्षक, १०० म्हणजे लेखक. नावांच्या अधिकृत नोंदींमध्ये ४०० म्हणजे ‘पहा’ आणि ५०० म्हणजे ‘हेही पहा’. तेव्हा खणांतली कार्डं नीट बसली, काही मोडावं लागलं नाही.

एक सावधगिरी. शीटमधून काढलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठीचा चिखल दिसू शकतो. घाबरून ती सेव्ह करायची नाही. आयात करताना यूटीएफ-८ निवडायचं, मजकूर शाबूत असतो.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिनी तालिका वाचकांसमोर ठेवली, अजून अपुरी आहे असं सांगून. निवृत्त शिक्षिकांचा एक गट आला होता. एकीने ‘मालतीबाई बेडेकर’ शोधलं आणि विभावरी शिरूरकर समोर आल्या. त्यांनी तिथेच आणखी दोन स्थानिक लेखिकांची माहेरची नावं सांगितली. खात्री करून घेते आहे.

फोनवर बोलून शोध घेणं अनेकांना आवडलं. शीर्षकं चांगली ओळखली जातात. आद्याक्षरं बोलली की फोन त्यांचा एक शब्द करून टाकतो. वाचकांना सांगतो आहोत की आडनाव आणि एखादा विषय बोला.

२५ नोव्हेंबर

रजिस्टरांपैकी जुने खंड भरून झाले. नावांच्या पानाची छापील प्रत काढून बांधून घेतली आणि मंडळाच्या कपाटात ठेवली. शीटच्या प्रती दोन ठिकाणी, आणि पासवर्ड बंद पाकिटात सचिवांकडे.

न सुटलेल्या नावांची वेगळी यादी केली: ‘एक गृहस्थ’, ‘एक भगिनी’, नुसती आद्याक्षरं, नुसतं आडनाव. त्यांना अंदाजाने कुणाचं नाव द्यायचं नाही. यादी देवघेवीच्या टेबलावर लावली आहे, कुणा जुन्या सभासदाला ठाऊक असेल तर त्याने पुरावा दाखवून नाव लिहावं.

दिवाळी अंक पुस्तकांच्या चौकटीत बसत नाहीत. एका अंकात वीस-पंचवीस लेखक असतात आणि वाचक विचारतो एखाद्या कथेबद्दल. त्यासाठी प्रत्येक लेखाची स्वतंत्र नोंद लागेल, आणि लेखकांची नावं याच पानाशी जोडावी लागतील. मुलीची परीक्षा झाली की सुरुवात करू. तोवर बालविभाग घेते.